दयेला सत्याची जोड

दुसऱ्याचे भले करण्याची तळमळ एवढ्यानेच एखादे कृत्य चांगले ठरते काय? नीतिशास्त्राच्या या जुन्या प्रश्नाकडे आधुनिक वैद्यकाने आपल्याला नव्याने पाहावयास लावले आहे.

न्यूमोनिया, जंतुसंसर्ग किंवा मोठा अपघात यांनंतर काही रुग्णांची फुप्फुसे सुजून पाण्याने भरतात. १९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर प्रयोगशाळेत आशादायक ठरलेली अनेक औषधे रुग्णशय्येपाशी निष्फळ ठरली. प्रयोगातील निरोगी प्राण्याला एकच ठरावीक इजा केलेली असते. रुग्ण मात्र आपले वय, जुने आजार आणि निरनिराळी कारणे घेऊन येतो.

सालब्युटामॉल या औषधाने फुप्फुसांतील पाणी कमी होते, असे एका लहान चाचणीत दिसले होते. मग ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. औषध कोणाला द्यावयाचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले गेले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: २८ दिवसांत, औषध मिळालेल्यांपैकी ३४ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २३ टक्के.

मरणासन्न माणसाचा उपचार चिठ्ठीवर सोपविणे ही निष्ठुरता नव्हे काय? कोणता उपचार हितकर, हे डॉक्टरांना ठाऊक असेल तर ती निष्ठुरताच होय. परंतु खरोखरच ठाऊक नसेल, तर ठाऊक असल्याचा आव आणणे अधिक घातक. या आजारात मृत्यू एरवीही पुष्कळ होतात. चाचणी झाली नसती, तर दयाळू हातांनी दिलेल्या औषधाचे बळी कोणाच्या ध्यानातही आले नसते. मत्थियाची निवड करताना प्रेषितांनी आधी विचार केला, प्रार्थना केली आणि जे स्वतःला कळणे शक्य नव्हते तेवढेच चिठ्ठीवर सोपविले.

तथापि, बेशुद्ध रुग्ण हे विज्ञानाचे साधन नव्हे. संशोधनाच्या हितासाठी माणसाच्या संमतीवाचून त्याचा वापर करता येत नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५२ सालीच बजावले होते. म्हणून आप्तांपुढे संमतिपत्र आले, तर त्यांनी निःसंकोच विचारावे: डॉक्टर खरोखरच अनिश्चित आहेत काय? धोका कोणता? माघार घेता येईल काय? समाधान झाले नाही, तर नकार देण्यात पाप नाही. समाधान झाले, तर तो होकार अनोळखी शेजाऱ्यासाठी केलेले प्रेमकृत्य ठरू शकेल.

अशाच होकारांतून २००० साली एक सत्य हाती आले. ८६१ रुग्णांच्या चाचणीत यंत्राने श्वास जोराने न भरता थोडा थोडा दिला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. येथे अधिक करण्याने नव्हे, तर हात आवरल्याने प्राण वाचले. आपल्या परोपकारानेही असाच हिशेब द्यावा, हीच प्रभूचरणी प्रार्थना.