भूक, गर्दी आणि चोरी

लोहाऱ्यास सप्ताहाचा काला आटोपून मंडळी मंडपात टेकली होती. तोच एका शेतकऱ्याने प्रश्न घातला, "बुवा, गरिबी वाढली, मानसं वाढली, मंग चोऱ्या तं वाढनारच. त्यात चोराचा काय दोष?" शेजारचे गृहस्थ लगेच उसळले, "दोष कसा नाही? ते पालवाले पहिले गावाभाईर काढा!"

सज्जनहो, हा प्रश्न कीर्तनाबाहेरचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

भुकेनेच माणूस चोर होत असता, तर आपला यवतमाळ जिल्हा दरोडेखोरांचा व्हावयास हवा होता. कोरडवाहू कापूस, डोक्यावर कर्ज. आत्महत्या इतक्या झाल्या की १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करावी लागली. त्यात आपला जिल्हा होता. येथल्या ऋणकोने हात उगारला तो स्वतःवरच. याला पुण्य म्हणावे काय? मला तरी म्हणवत नाही.

पुणे-नगरकडे एकदा निराळे घडले. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध सरले तसा तो कोसळला आणि कर्जे तेवढी उरली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले. मारहाण थोडी, खरा रोख कर्जखतांवर, ती जाळली. सरकारने धरपकड केली खरी, पण १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही करावा लागला. आता तुकोबारायांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरची माणसे गेली, आणि त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते. कागद दोन्हीकडे नाहीसे झाले. सुप्यास ऋणकोने जाळले, देहूस धनकोने बुडविले. देहूस दंगा झाला नाही.

आता गर्दीचे. आषाढीला पंढरीत लाखो माणसे मावत नाहीत इतकी होतात. खिसेकापूही येतात बरे का, कनवटीचे पैसे सांभाळावेच लागतात! पण आपल्या दिंडीत पडशी ठेवून माणूस खुशाल चंद्रभागेत उतरतो, कारण विणेकरी ओळखीचा, शेजारचा टाळकरी ओळखीचा. शहरालगतच्या वसाहतीत भिंतीपलीकडे कोण राहतो ते ठाऊक नसते. डोकी मोजून हा फरक कळत नाही.

राहिले पालवाले. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. आपल्याकडचे पारधीही त्या शिक्क्यातून सुटले नाहीत. पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण गावाच्या मनातून गेला नाही. चोरी झाली की आधी पालावर जातात. जेथे शोधतात तेथेच सापडते, आणि मग हेच लोक चोर असे वहीत आकड्यांनी सिद्ध होते!

म्हणून चोर निर्दोष असे मी म्हणत नाही. त्याच आळीत तितकाच उपाशी असलेला दुसरा कोणी चोरी करीत नाही. त्याच्यासमोर मी काय तोंड दाखवू?

त्या गृहस्थांना एवढेच विचारले, "यंदा कापूस वेचायला पालावरचं कोणी लावलं का?"

"त्यायले कोन लावते, बुवा!" ते म्हणाले.

तेवढ्यात पंगतीची हाळी आली.