औषध किती घ्यावं?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 17

रामकृष्ण हरी.

खाणं, फिरणं, काम, झोप, सगळं बेतानं करणाऱ्याचं दुःख योगानं हलकं होतं, असा आजच्या श्लोकाचा भाव. त्यात औषधाचं नाव नाही. पण ज्या घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे, तिथं गोळ्या, तपासण्या, अमरावतीच्या चकरा यांचाही बेत ठरवावाच लागतो.

गीताईकार विनोबांनी दोन वेळा दोन उत्तरं दिली. 1952च्या डिसेंबरात चांडिलला मलेरियानं ते खूप आजारी पडले. आधी औषधाला नाही म्हणाले, मग लोकांच्या विनवणीवरून घेतलं. भूदानाची पदयात्रा त्यानंतर कितीतरी वर्षं चालली. 1982च्या नोव्हेंबरात पवनारला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा वय 87. या वेळी त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला.

विनोबांचं हे दुसरं उत्तर उचलताना मात्र जपावं. आपल्या अंजनगावात म्हातारी माणसं म्हणतात, "आता कायले पैसे घालता माह्यावर?" ऐकायला वैराग्य वाटतं, पण पुष्कळदा ती पोरांच्या खर्चाची काळजी असते. उलट पुण्यात नोकरी करणारी आमच्यासारखी पोरं दरवर्षी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बुक करतात. त्यात आपलीच भीती जास्त असते.

वैद्यकशास्त्रही सरसकट उत्तर देत नाही. 2008च्या हायव्हेट अभ्यासात ऐंशीच्या पुढच्यांनाही बीपीच्या गोळीचा फायदा दिसला. दुसरीकडे, अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानं 2018मध्ये सांगितलं की सत्तरीनंतर त्रास नसताना प्रोस्टेटची पीएसए तपासणी करू नये. हा कर्करोग बहुधा हळू वाढतो, उपचारांचा त्रास मात्र लगेच सुरू होतो.

म्हणजे प्रत्येक गोळीला, प्रत्येक तपासणीला वेगळं विचारायचं: हिच्यामुळे यांचं चालणं, दिसणं, देवळात जाणं टिकेल का? काही सापडलंच, तर त्यावरचा उपचार यांना हवा आहे का? डॉक्टरांशी बोलल्याशिवाय चालू गोळी बंद करायची नाही. आणि ज्याचं शरीर, त्याचा शब्द शेवटचा.

आज एवढंच करू. घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसू, "खर्चाचं सोडा, तुमच्या मनात काय आहे?" असं विचारू, आणि उत्तर पूर्ण ऐकू.

पांडुरंगा, त्यांना मोकळं बोलता येऊ दे, आम्हाला ऐकता येऊ दे.

रामकृष्ण हरी.