वाचकाचे ऋण: हळदीची जनुकसंहिता आणि नामदेवांची नाममुद्रा

१

जीवशास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपली जी परिभाषा घडवली, तिचा मोठा भाग साहित्यव्यवहारातून आलेला आहे. एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३ साली डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांत गुणसूत्रांची कल्पना एका संकेतलिपीच्या रूपात केली. त्यानंतर प्रतिलेखन, भाषांतर, संपादन, ग्रंथालय ही पदे प्रयोगशाळेत इतकी रुळली की ती मुळात रूपके आहेत याचेही विस्मरण झाले. जीनोमचे अनुक्रमण, म्हणजे डीएनएतील चार रासायनिक घटक कोणत्या क्रमाने येतात हे निश्चित करणे, ही क्रिया तर सर्रास 'वाचन' म्हणूनच ओळखली जाते; यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक तुकड्यालाच तेथे 'रीड' असे नाव आहे.

या रूपकाची चिकित्सा झालेली नाही असे नव्हे. हान्स ब्लूमेनबर्ग यांनी विश्वाच्या वाचनीयतेवर १९८१ साली लिहिलेला ग्रंथ जनुकीय संकेत आणि त्याचे वाचक यांच्या विवेचनापाशी येऊन थांबतो. लिली के यांनी जीवनाचा ग्रंथ लिहिला कोणी, हा प्रश्न २००० साली आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच ठेवला. तथापि या दोन्ही विवेचनांत विचार प्रामुख्याने दोन भूमिकांचा होतो: संहितेचा कर्ता आणि संहितेचा वाचक. ज्या संस्कृतीत ग्रंथ शतकानुशतके हाताने उतरवून घेतले गेले, तिला एक तिसरी भूमिका चांगली परिचित आहे. ती प्रत करणाऱ्याची, लेखनिकाची. संहिता ज्याने रचली नाही, जिचा संपूर्ण अर्थ ज्याला कदाचित लागला नाही, पण ज्याच्या हातांवाचून ती वाचकापर्यंत पोहोचलीच नसती, अशा माणसाचे वाचकावर काही ऋण असते काय? मानवी जीनोमच्या संदर्भात हा प्रश्न अमूर्त राहतो. शेतात पिकणाऱ्या एखाद्या वनस्पतीच्या संदर्भात तो अगदी मूर्त होतो, आणि हिंगोली जिल्ह्यातील हळद हे त्याचे नेमके उदाहरण आहे.

२

१९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. २०२४ साली 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यापूर्वीच राज्य शासनाने वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राला मंजुरी दिली होती. याच सुमारास हळदीच्या जनुकसंहितेचे पहिले वाचनही झाले. भोपाळ येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली हळदीच्या जीनोमचा आराखडा प्रसिद्ध केला. सुमारे १०२ कोटी अक्षरजोड्यांची ही संहिता असून तिचा जवळजवळ ७० टक्के भाग पुनरावृत्तीचा आहे, आणि तीत पन्नास हजारांवर जनुके आढळतात. कुरकुमिन हे पिवळे द्रव्य वनस्पतीत ज्या विकरांच्या साहाय्याने तयार होते, त्यांची उत्क्रांती कशी झाली असावी यावर या विश्लेषणाने प्रकाश टाकला.

या वनस्पतीचे एक वैशिष्ट्य येथे विशेष महत्त्वाचे ठरते. हळद सामान्यतः त्रिगुणित आहे. तिच्या पेशीत बहुधा ६३ गुणसूत्रे असतात. तीन संचांची समान वाटणी होऊ शकत नसल्याने हळदीला बी क्वचितच धरते, आणि लागवड होते ती कंदापासूनच. म्हणजे प्रत्येक नवे झाड हे पूर्वीच्या झाडाचाच विस्तार असते. पीक निघाल्यावर बहुतेक हळकुंडे शिजवली जातात, वाळवली जातात, पॉलिश होऊन बाजारात जातात. शिजलेला कंद पुन्हा उगवत नाही. बेण्यासाठी निरोगी, वजनदार जेठे गड्डे वेगळे काढून सावलीत, हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवावे लागतात, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होणाऱ्या लागवडीत ते पुन्हा जमिनीत जातात. सडका गड्डा टाकून द्यायचा, शंकास्पद गड्डा बाजूला ठेवायचा, सरस गड्डा राखायचा, ही निवड दरवर्षी करावी लागते.

पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर ही हस्तलिखित परंपरा आहे. बियांनी पसरणारी वनस्पती आपली संहिता दर पिढीला नव्याने जुळवते. हळदीची संहिता मात्र उतरवून घ्यावी लागते, आणि उतरवून घेणारा खंडित झाला की ती शाखाही खंडित होते. कायिक उत्परिवर्तनाने तीत क्वचित पाठभेद शिरतो. तो टिकतो की नाही हे बेणे निवडणाऱ्यावर अवलंबून असते. तेव्हा २०२१ साली यंत्राने जे वाचले, ते निसर्गाने रचलेले होते हे खरे असले तरी निसर्गानेच ते वाचकाच्या हाती दिले असे म्हणता येत नाही.

३

लेखकाविना संहितेचे काय होते, याचा एक धडा हळदीने यापूर्वीच दिलेला आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्याला आव्हान दिले, आणि १९९७ साली त्या पेटंटातील दावे फेटाळले गेले. ही कथा सहसा राष्ट्रीय विजयाची म्हणून सांगितली जाते. तिच्यातील साहित्यशास्त्रीय पेच मात्र दुर्लक्षित राहिला आहे. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ वापर हा पूर्वज्ञानाचा पुरावा ठरत नसे; तो छापील स्वरूपात असावा लागे. घरोघरी कापल्या-खरचटल्यावर दाबली जाणारी हळदीची चिमूट या न्यायालयात अस्तित्वातच नव्हती. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदीतील जुने ग्रंथ होते आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेखही होता. म्हणजे हळद वाचली ती तिच्या वापरामुळे नव्हे, तर त्या वापराची कोणीतरी लेखी नोंद केली होती म्हणून.

येथे समकालीन साहित्यसिद्धान्ताची एक विचित्र अडचण उघडी पडते. बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तीमागे अर्थावरील एकाधिकार मोडण्याची इच्छा होती. परंतु जी संहिता मुळातच निर्लेखक आहे, तिच्याबाबत लेखकाच्या मृत्यूने वाचक मुक्त होतोच असे नाही. पुष्कळदा पहिला दावेदार मालक होतो. दोन वर्षांनी फूको यांनी लेखक ही संकल्पना मालमत्तेच्या इतिहासाशी जोडली होती, हे या ठिकाणी अधिक उपयोगी पडते. जिथे लेखक ठरवता येत नाही तिथे कायद्याला ऋणाची भाषाच सुचत नाही. तो एकतर मालक शोधतो किंवा संहिता बेवारस ठरवतो.

ग्रंथबद्धतेचा हा आधारही दुधारी आहे. भारताच्या जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा आणि लागवडीखालील औषधी वनस्पतींचा वापर लाभवाटपाच्या काही बंधनांतून मुक्त केला. ज्या लिखिततेने १९९७ साली हळदीचे रक्षण केले, तीच आता जपणाऱ्याचा हक्क शिथिल करण्याचे कारण होऊ शकते.

४

मालक आणि बेवारस या दोहोंपलीकडची एखादी कल्पना मराठी परंपरेत सापडते काय? परंपरा ज्या नर्सीला नामदेवांचे जन्मस्थान मानते, ते गाव याच हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि नामदेवांच्या गाथेचा प्रश्न हा नेमका अनिश्चित कर्तृत्वाचा प्रश्न आहे. 'नामा' ही मुद्रा असलेले सर्व अभंग एका व्यक्तीचे असू शकत नाहीत, हे अभ्यासकांना फार पूर्वीच मान्य करावे लागले. विष्णुदास नामा आणि इतर उत्तरकालीन नामे यांच्या रचना गाथेत मिसळून गेल्या आहेत. शीखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावावर ६१ पदे आहेत. त्यांचे मराठी गाथेशी असलेले नाते हाही वादाचा विषय आहे. खऱ्या नामदेवांना वेगळे काढण्याचे प्रयत्न झाले आणि ते आवश्यकही होते. परंतु ख्रिश्चन नोवेत्झके यांनी २००८ साली दाखवून दिल्याप्रमाणे, कीर्तनाच्या परंपरेत ही मुद्रा एका सामूहिक स्मृतीची वाहक होती. नाममुद्रा घेणारा स्वतःला लपवतो ते चोरी करण्यासाठी नव्हे. आपण जे गातो ते आपल्याला कोठून मिळाले याची ती कबुली असते. जनाबाईच्या मुद्रेत तर हे ऋण स्वतःच्या नावाइतकेच ठळक आहे: ती 'नामयाची' जनी आहे.

पेटंट आणि नाममुद्रा यांतील भेद यावरून स्पष्ट होतो. पेटंट म्हणते, हे येथून सुरू झाले आणि म्हणून इतरांस वर्ज्य. नाममुद्रा म्हणते, हे माझ्यापूर्वी सुरू झाले आणि म्हणून मी त्यास बांधलेला आहे. पहिल्यात हक्क आहे, दुसऱ्यात उत्तरदायित्व. आणि दुसरीत गाण्याची मुभा सर्वांना आहे.

भौगोलिक मानांकनाकडे या दृष्टीने पाहिले तर 'वसमत हळदी' ही एक सामूहिक नाममुद्राच ठरते. जनुकीय विश्लेषण तिच्यापुढे एक प्रश्न उभा करू शकते. मराठवाड्यातील हळदीच्या क्षेत्रात 'सेलम' या जातीचे प्राबल्य आहे, आणि ते नावच तमिळनाडूतील एका शहराचे आहे. समजा, उद्या अनुक्रमणाने असे दाखवले की वसमतची आणि सेलमची संहिता जवळजवळ एकच आहे. मग वसमतचा दावा पोकळ ठरेल काय? मूळ पाठालाच प्रामाण्य देणारी दृष्टी होकार देईल. परंतु सुखटणकरांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना व्यासांचा मूळ शब्द हाती आल्याचा दावा केला नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांवरून जाता येईल तितका जुना पाठ हे त्यांचे मर्यादित साध्य होते. चौसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या हस्तलिखितांची वंशावळ १९९८ साली जीवशास्त्रीय पद्धतीने मांडली गेली, तेव्हाही हाती आले ते मुख्यतः प्रतींचे परस्परनाते. वंशावळ कोणती प्रत कोणत्या प्रतीपासून निघाली हे सांगते. कोणी कोणाचे देणे लागतो हे सांगणे तिच्या कक्षेत नाही. कायद्यालाही मानांकनासाठी जनुकीय अनन्यता अभिप्रेत नाही. स्थळाशी निगडित गुण आणि लौकिक त्यास पुरतो. वसमतची माती, पाणी, शिजवण्या-वाळवण्याची रीत आणि बेणे राखणारे हात हे त्या संहितेचे वाचन आहे, आणि ते सेलमच्या वाचनाहून वेगळे असू शकते.

५

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की शेतकऱ्याने बेणे राखले ते स्वतःच्या उत्पन्नासाठी. त्याचा मोबदला बाजाराने दिला, मग ऋण कसले? पण पोथ्या उतरवणारेही पुष्कळदा मोबदला घेऊन उतरवत, आणि त्यामुळे त्यांनी जपलेल्या पाठाचे महत्त्व कमी होत नाही. बाजार किंमत देतो ती शिजलेल्या हळकुंडाची. वाण टिकवून धरण्याची जोखीम मात्र राखणाऱ्याकडेच राहते, आणि कंदापासून होणाऱ्या लागवडीत ती लहान नाही. सर्व प्रती जवळजवळ एकसारख्या असल्या म्हणजे एका प्रतीचा दुबळेपणा हा सर्वांचा दुबळेपणा असतो. कंदकूज शेतात शिरते तेव्हा तिला वेगवेगळ्या पाठांचा अडथळा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जनुकसंहिता आज सार्वजनिक कोशांत खुल्या असतात. वाचनावर कर बसवला तर ज्ञानाची दारे बंद होतील. १९९२ च्या जैवविविधता करारात जनुकीय संपत्तीवर राष्ट्राचा अधिकार मानला गेला, पण एकदा संहिता संगणकात उतरली की वनस्पतीची गरजच उरत नाही. या पोकळीतून २०२२ साली माँट्रियल येथे अंकीय अनुक्रमांच्या लाभवाटपाचा निर्णय झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'काली निधी' सुरू झाला. त्याचा निदान निम्मा भाग आदिवासी व स्थानिक समुदायांसाठी असावा अशी अपेक्षा आहे. वसमत बाजारात हळद विकणारा शेतकरी या 'समुदाया'त बसतो काय, हे सहज सांगता येत नाही. त्याची परंपरा व्यापारी पिकाची आहे आणि त्याचे बेणे परगावचे आहे.

आक्षेपाचे उत्तर गाथेच्या व्यवहारातच आहे. अभंग सर्वांना खुले होते, तरी मुद्रा गाळून गाण्याची मुभा नव्हती. खुलेपणा आणि ऋणनिर्देश यांत विरोध मानण्याचे कारण नाही. जीनोमच्या वाचकाकडून अपेक्षा करायची ती संहिता झाकून ठेवण्याची नाही. ज्या बेण्यावरून वाचन झाले ते कोणत्या शिवारातले, कोणी राखलेले, याची नोंद संहितेबरोबर कोशात जावी. आणि वाचनातून निघालेला अर्थ प्रत करणाऱ्याला कळेल अशा भाषेत परत यावा. कुरकुमिनची जनुके हा औषधउद्योगाच्या जिज्ञासेचा विषय आहे. कंदकुजीला तोंड देणारे वाण कसे मिळेल हा हिंगोलीतील शेतकऱ्याच्या जिज्ञासेचा विषय आहे. एकाच संहितेत दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधता येतात. त्यांपैकी कोणता प्रश्न आधी विचारायचा, हे ठरवताना वाचकाची नैतिक भूमिका उघड होते, आणि यंत्र ती निवड करून देत नाही.