काळजी घेणं आणि काळजी करणं

वाचन : मत्तय ६:२५-३४

रानातल्या फुलांकडे पाहायला प्रभू येशू सांगतो, तेव्हा एक प्रश्न मनात येतोच. चिंता करू नका म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का? रानातल्या फुलाला माळी नसतो, पण बागेतल्या फुलाला तर कुणीतरी लागतंच.

आमच्या इथे पेनसिल्वेनियात उन्हाळा सरताना आयरिस लावतात. कंद आडवा ठेवायचा. मुळं मातीत, पाठ मात्र उन्हाला उघडी. थंडीनं गारठेल म्हणून खोल पुरला, तर सहसा फुलत नाही. सुकेल म्हणून रोज पाणी घातलं, तर सडतो. ३-४ वर्षांनी गड्डा दाट झाला की उपटून, वेगळा करून पुन्हा लावायचा. एवढं काम माझं. पुढचं देवाचं.

आपल्या भाषेत दोन्हीला 'काळजी'च म्हणतात. पण काळजी घेणाऱ्याची नजर रोपावर असते, काळजी करणाऱ्याची स्वतःच्या भीतीवर. परगावी गेलेल्या मुलाला दिवसातून दहा फोन करतो, तेव्हा आपण त्याला सांभाळतो, की आपली भीती शमवतो?

आयरिसच्या शेजारी डेलिली आहे. तिचं एकेक फूल जेमतेम एक दिवस टिकतं. ते कोमेजतं, तेव्हा त्याच दांड्यावर उद्याची कळी तयार असते. ती मला उघडावी लागत नाही.

प्रार्थना : हे प्रभू, आजचं काम नेटानं करू दे, आणि उद्याची कळी तुझ्या हाती सोडायला शिकव. आमेन.