बाराने भागलेला सण

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कंत्राटी कामगाराला बोनसबद्दल विचारलं, की पुष्कळदा एकच उत्तर मिळतं : "बोनस वेगळा नाही, तो पगारातच येतो." हे इतक्या सहजपणे सांगितलं जातं की त्यात काही वावगं आहे असं सांगणाऱ्यालाही वाटत नाही. मला ते खटकतं, आणि डिसेंबर उजाडला की जास्तच खटकतं. कारण त्याच सुमारास नाताळच्या खर्चाचे सल्ले सुरू होतात : यादी करा, आकडा ठरवा, उधारीवर काही घेऊ नका, जानेवारीपासून बचत करा. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण ते माहीत नसलेलं घर शोधून सापडणार नाही. गॅसची टाकी आधी की मुलांच्या रिक्षाचे पैसे आधी, हे ज्या घरात महिनाअखेरीला ठरवावं लागतं, त्या घराला यादी करायला कुणी शिकवायची गरज नसते. पैसा कमी असणं ही एक अडचण आहे आणि पैसा अवेळी असणं ही दुसरी. सल्ले देणारे पहिलीविषयी बोलत राहतात, आणि सणाच्या तोंडावर घर अडतं ते बहुतेक वेळा दुसरीपाशी.

या पट्ट्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वर्षाकडे पाहिलं की हा फरक स्वच्छ दिसतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आणि बजाजसारखे मोठे कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग माणसं आली. त्यांत नगर आणि जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबं होती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. या कुटुंबांचा नाताळ मॉलच्या काचेत दिसतो तसा नसतो. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, शेव हा सगळा फराळ दिवाळीसारखाच घरी होतो. नानकटाईसाठी मैदा, तूप आणि पिठीसाखर घरून न्यायची, बेकरीत पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे, आपला ट्रे ओळखू यावा म्हणून चिठ्ठी लावायची आणि भाजण्याचे पैसे तेवढे बेकरीवाल्याला द्यायचे. घरात सगळ्यांना नवे कपडे, बहिणीला साडी, दारात चांदणी, चर्चमधलं दान, गाणी म्हणत येणाऱ्या मंडळींचा चहा-फराळ, आणि श्रीरामपूर, राहुरी किंवा नेवाशाच्या गावी जायचं एसटीचं भाडं. या यादीतलं 'अनावश्यक' काय काढायचं? बहिणीची साडी काढली तर खर्च वाचत नाही, नातं थोडं उणं होतं. या बहुतेक खर्चाला हौस म्हणता येणार नाही. ते देणं आहे, आणि त्याची तारीख ठरलेली आहे.

आता मिळकतीच्या तारखा पाहा. वाहनविक्रीचा मोठा हंगाम दसरा-दिवाळीचा. त्याच्या आधी कारखान्यांत काम वाढतं, ओव्हरटाइम मिळतो आणि जिथे बोनस एकरकमी मिळतो तिथे तो दिवाळीपूर्वी हातात पडतो. दिवाळी आणि नाताळ यांच्यातलं अंतर दरवर्षी बदलतं. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, म्हणजे नाताळच्या ४३ दिवस आधी. २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला, म्हणजे ६५ दिवस आधी. तेवढे दिवस हातातली रक्कम न मोडता राखायची, आणि तीही सगळा बाजार दिवाळीच्या खरेदीला बोलावत असताना. शिवाय वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात अनेक वाहन कारखाने देखभालीसाठी बंद असतात. कायम कामगाराची ती सुट्टी रजेत किंवा करारात बसते, कंत्राटी कामगाराचे तेवढे दिवस भरत नाहीत. काम नाही तर दाम नाही. डिसेंबरचा पगार जानेवारीत होतो, म्हणून ही तूट सण झाल्यावर कळते. एखाद्या कुटुंबाला मिळकतीचा मोठा महिना ऑक्टोबरमध्ये, खर्चाचा मोठा महिना डिसेंबरमध्ये आणि तुटीचा महिना जानेवारीत येत असेल, तर त्याला काटकसरीचा उपदेश करून काय साधणार?

खरं तर आपल्या कामगार कायद्याला सण परका नाही. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळात बोनस सुरू झाला. मालकांनी तो थांबवला तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. या वादावर नेमलेल्या नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने मात्र निर्वाळा दिला की बोनसवर कामगारांचा ना कायद्याने हक्क आहे, ना रूढीने. तो हक्क मिळायला १९६५ चा बोनस कायदा यावा लागला. किमान बोनस आधी ४ टक्के होता, १९७० च्या दशकात तो ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा. आता तो कायदा वेतन संहितेत सामावला गेला असला तरी हा बारावा हिस्सा कायम आहे. त्या १९६५ च्या कायद्यात 'पूजा बोनस' असा स्पष्ट उल्लेख होता : मालकाने सणानिमित्त आधी काही रक्कम दिली असेल तर ती वर्षाच्या बोनसमधून वळती करता येते. बंगालमध्ये बोनस दुर्गापूजेच्या आधी मिळतो, केरळात ओणमच्या आधी, आपल्याकडे दिवाळीच्या आधी. याचा अर्थ सरळ आहे. बोनस हा नुसता आकडा कधीच नव्हता. वर्षातून एकदा, सणाच्या वेळी, एकरकमी हातात पडणं हे त्याच्या रूपातच होतं.

यावर हिशेबनिसाचं म्हणणं तयार असतं, आणि ते नीट ऐकायला हवं. तो म्हणतो, बाराव्या हिश्श्याचे बारा भाग करून दरमहा दिले तरी बेरीज तीच. उलट कामगाराला पैसे लवकर मिळतात, त्यांवर व्याज मिळू शकतं, मग तक्रार कसली? कंत्राटी कामगाराची पगारपावती पाहा : मूळ वेतन, विशेष भत्ता, घरभाडे भत्ता, रजेचा पगार आणि त्यांच्याच रांगेत बोनस. समजा, बोनसच्या हिशेबासाठी १२,००० रुपये वेतन धरलं, तर महिन्याला साधारण १,००० रुपये होतात. ते त्याने बचत खात्यात जसेच्या तसे ठेवले आणि व्याज वर्षाला ४ टक्के धरलं, तर वर्षअखेरीला व्याजाचे २६० रुपये होतील. पण ते तसे राहत नाहीत. महिन्याचे हजार रुपये भाड्यात, किराण्यात, औषधात विरघळतात, आणि डिसेंबरात १०,००० रुपये कुणाकडून तरी उचलावे लागतात. दरमहा शेकडा ३ रुपयांनी उचलले आणि सहा महिन्यांनी मुद्दल फेडली, तर व्याज होतं १,८०० रुपये. हिशेबनिसाची बेरीज बरोबर असते, पण तिच्यात तारीख नसते. आणि याहून मोठं नुकसान कुठल्याच रकान्यात दिसत नाही. बोनस दर महिन्याला मिळू लागला की कामावर घेतानाच तो 'हातात येणाऱ्या पगारा'त धरून सांगितला जातो. ज्या हक्कासाठी दीड लाख माणसं संपावर गेली होती, तो पगाराचा आकडा फुगवून दाखवायच्या कामी येतो.

पैसे न मोडता सणापर्यंत नेणं ही सगळ्या जगाची जुनी अडचण आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ मध्ये 'ख्रिसमस क्लब' सुरू केला. दर आठवड्याला ठरलेली छोटी रक्कम भरायची आणि नाताळच्या आधी सगळी एकदम उचलायची. अशा खात्यांवर व्याज नाममात्र असे, कधी मुळीच नसे, मधेच पैसे काढायला अडथळे असत, तरी ही कल्पना देशभर पसरली. पुस्तकी अर्थशास्त्राला हे कोडं वाटत आलं : जास्त व्याज सोडून माणसं कुलूप का विकत घेतात? रिचर्ड थेलर यांनी हे कोडं गंभीरपणे घेतलं. आपल्याकडे भिशी लावणाऱ्या बाईला त्याचं उत्तर कधीच माहीत होतं. बारा जणींनी महिन्याला हजार भरायचे, दर महिन्याला एकीने बारा हजार उचलायचे, आणि नाताळ साजरा करणारीने डिसेंबरची पाळी मागून घ्यायची. इथे व्याज नाही, पण बांधून घेणं आहे. घरात ठेवलेल्या पैशाला घरातली प्रत्येक गरज हाक मारते. भिशीत गेलेला पैसा त्या हाकेपलीकडे जातो. मात्र या व्यवस्थेला आधार फक्त विश्वासाचा. ब्रिटनमध्ये 'फेअरपॅक' नावाची कंपनी गरीब घरांकडून वर्षभर नाताळसाठी हप्ते घेत असे. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन सणाच्या तोंडावर, ती बुडाली आणि सुमारे दीड लाख लोकांचे पैसे गेले. भिशी चालवणारा पसार झाल्याच्या बातम्या आपल्याकडेही नव्या नाहीत. म्हणजे कुलूप हवं, पण किल्ली कुणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच.

हाच प्रश्न हिशेबनिसाच्या बाजूने सगळ्यात जोरात विचारता येतो. बोनस दिवाळीपर्यंत कंत्राटदाराकडे ठेवा म्हणता, पण कंत्राटी कामगार एका जागी वर्षभर टिकतो कुठे? सहा-सात महिन्यांनी ब्रेक दिला जातो, कंत्राटदार बदलतो, कधी त्याचं कार्यालयच जागेवर राहत नाही. कायद्याने वर्षात ३० दिवस काम केलेल्यालाही बोनसचा हक्क आहे, पण सोडून गेलेला कामगार तो मागायला कुणाच्या दारात उभा राहणार? दरमहा मिळालेले हजार रुपये निदान बुडत तरी नाहीत. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि तो मान्य केला की 'जुनी पद्धत परत आणा' ही मागणी पुरी पडत नाही. कंत्राटदाराच्या हातात वर्षभराची रक्कम सोपवणं म्हणजे फेअरपॅकवर भरवसा ठेवणं. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रक्कम साठायला हवी दर महिन्याला आणि कामगाराच्याच नावावर. हातात यायला हवी एकदाच आणि त्याने निवडलेल्या तारखेला. यासाठी नवं काही शोधायचं नाही. बँकेची १२ महिन्यांची आवर्ती ठेव पुरते. कंत्राटदार बदलला तरी ठेव कामगाराचीच राहते, आणि बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. ते ना भिशीला आहे, ना पतसंस्थेला.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की जाणत्या माणसाचे पैसे कुलुपात का घालायचे? त्याचं उत्तर निवडीत आहे. ज्याला दरमहा हवेत त्याने दरमहा घ्यावेत. आज मात्र ही निवड कामगाराला कुणी विचारतच नाही, ती कंत्राटदाराच्या कचेरीत परस्पर होते. दुसरा आक्षेप असा की प्रत्येकाचा सण वेगळा, मग तारखा सांभाळायच्या किती? सरकारने हे करून दाखवलं आहे. २०२० मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना १०,००० रुपयांचा बिनव्याजी सण अग्रिम दिला, तेव्हा सण कोणता हे कर्मचाऱ्यावर सोपवलं होतं आणि परतफेड १० हप्त्यांत होती. कुणाला दिवाळी, कुणाला छठ, कुणाला ईद, कुणाला १४ एप्रिल, कुणाला नाताळ. पगार संगणकावर निघत असताना एका रकान्यात तारीख भरणं अवघड नाही. आणि जिथे बोनस अजून एकरकमी मिळतो तिथे तर ठेवीचीही गरज नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत, बोनस देण्याची मुभा कायद्यातच आहे. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतो तो याच सुमारास.

तेव्हा सणाच्या बचतीवर सल्ले देणाऱ्यांनी पुढच्या वेळी आपला सल्ला घराच्या दाराऐवजी कारखान्याच्या दारात नेऊन द्यावा. कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांनी कंत्राटदाराशी करार करताना एक कलम घालावं : बोनसची रक्कम वेतनाच्या आकड्यात मिसळून सांगायची नाही, ती दरमहा हवी की एकरकमी हे कामगाराला लेखी विचारायचं, आणि एकरकमी हवी असेल तर ती कोणत्या सणाला, हेही विचारायचं. संघटनांनी कायम कामगारांच्या बोनसचा करार करताना त्याच शेडमध्ये, त्याच लाइनवर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगारासाठी एवढी एक मागणी धरून ठेवावी. यात मालकाचा एक रुपयाही वाढत नाही. कामगाराचेच पैसे त्याला त्याच्या सणाला मिळतात.