नचिकेताने नाकारलेला रथ

कठोपनिषदातील नचिकेत हा वयाने कुमार होता, ही गोष्ट त्या ग्रंथाचे विवरण करणारे पंडित बहुधा एका वाक्यात उरकतात. परंतु तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. बापाच्या आचरणातील विसंगती डोळ्यांत खुपणे, एकच प्रश्न तीनदा विचारून त्याला जेरीस आणणे, आणि त्याच्या तोंडून रागाच्या भरात निसटलेला शब्द प्रमाण मानून खुशाल घराबाहेर पडणे, ही लक्षणे मी नववी-दहावीच्या वर्गात दरसाल पाहिलेली आहेत. नचिकेत यमाच्या दारी पायी गेला की वाहनाने, हे उपनिषद सांगत नाही. मात्र तेथे तीन रात्री उपाशी बसून राहिलेल्या या मुलाचे मन मृत्यूचे रहस्य विचारणाऱ्या तिसऱ्या वरावरून वळावे म्हणून यमाने जी प्रलोभने त्याच्यापुढे मांडली, त्यांत अप्सरा आणि वाद्ये यांच्याबरोबर रथही होते. आणि मुलाने ती वाहने यमाची यमालाच परत केली. पुढे नवल असे की, ज्याने रथ नाकारला त्याच मुलाला आत्म्याचे स्वरूप समजावून देण्याची वेळ आली, तेव्हा यमाने दृष्टान्त घेतला तो रथाचाच.

हवे तेथे जाण्याची मुभा हेच स्वातंत्र्य काय, असा प्रश्न या दोन प्रसंगांच्या मधोमध उभा आहे, आणि तो केवळ वेदान्त्यांचा नाही. शिक्षणहक्काच्या कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी अशी तजवीज केली आहे. आठवी संपली की सरकारी हिशेबातले अंतर संपते आणि मुलाची खरी पायपीट सुरू होते. डोंगरकुशीतल्या वाडीवरचे पोर तोवर ज्यांच्याबरोबर चालत आलेले असते, ते सोबती त्याने निवडलेले नसतात. ते त्याला घराइतकेच जन्मतः मिळालेले असतात. या पायवाटेच्या सोबतीचे गोडवे आम्ही वयस्कर माणसे फार गातो, परंतु वाडीची संगत म्हणजे पुष्कळदा जातीचीही संगत असते, हे सोयिस्करपणे विसरतो.

ती संगत प्रथम मोडली एस. टी.ने. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हा हे खाते खेड्यांतील पोरांची एक निराळीच शाळा चालविणार आहे, हे ती काढणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा अर्ज, त्यावर मिळणारा सवलतीचा मासिक पास, तो हरवल्यावर घरी बसणारा मार, खिडकीतून आत फेकलेल्या रुमालाने धरलेली जागा, आणि त्या रुमालाच्या हक्कावरून होणारी भांडणे, या सर्वांतून मुलगा जे शिके ते माझ्या नागरिकशास्त्राच्या तासाला त्याला शिकविता आले नाही. बाकावर शेजारी कोण बसेल हे वेळापत्रक आणि गर्दी ठरवीत असे. चार वाड्यांची, चार जातींची, हुशार आणि नापास अशी सगळी पोरे एकमेकांच्या अंगावर रेलून पाऊण तास प्रवास करीत. त्यांत मारामाऱ्या होत, मुलींना त्रास देणारेही असत आणि वाहकाने मध्येच उतरवून दिलेल्यांचे पालक दुसऱ्या दिवशी शाळेच्या कचेरीत येऊन बसत. मी त्या गाडीला गुरुकुल म्हणणार नाही. पण न निवडलेल्या माणसाबरोबर निभावून नेण्याचा सराव तेथे होई, एवढे निश्चित.

अकरावीला हे चित्र पालटते. माझ्या स्वतःच्या मुलाला मी त्या वयात लूना घेऊन दिली, आणि त्यात मला मोठी धन्यता वाटली होती. त्यापूर्वी तो संध्याकाळी गाडीतून उतरून घरी आला की, हातपाय धुण्यापूर्वीच वाटेतल्या गोष्टी सांगू लागे: कोणत्या म्हातारीची कोंबडी पिशवीतून निसटली, कोणाचा पास तपासनिसाने जप्त केला, घाटात गाडी कशी बंद पडली. लूना आल्यापासून त्या गोष्टी बंद झाल्या. तो लवकर येऊ लागला, एकटा येऊ लागला, किंवा त्याला आवडणाऱ्या एका मित्राला मागे बसवून येऊ लागला; सांगण्यासारखे वाटेत काही घडेनासे झाले.

यमाच्या रूपकात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी, विषय हे मार्ग आणि आत्मा हा रथी आहे. एवढ्या बारकाईने बांधलेल्या या रथात मित्राला जागा कोठे आहे, हे मी पुष्कळ वर्षे शोधीत आलो. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मित्र हाच कधी घोडा असतो, कधी लगाम, आणि अनेकदा तर तोच रस्ता असतो. कारण मुलाला कोठे जायचे असते याला उत्तर एकच, बाकीचे जेथे जमले असतील तेथे. उपनिषदाचा रथी एकटा आहे. त्याला सोबती दिला तो महाभारताने, आणि तोही दोन तऱ्हांनी. अर्जुनाचा सारथी हा त्याचा सखा होता. इतका जवळचा की, विश्वरूप पाहिल्यावर, आपण याला बरोबरीच्या नात्याने हाक मारीत आलो, याची अर्जुनाला क्षमा मागावी लागली. कर्णाच्या रथावर मात्र शल्य बसला. दुर्योधनाच्या आदरातिथ्याने वाटेतच बांधला गेलेला आणि युधिष्ठिराला कर्णाचे तेज कमी करण्याचे वचन देऊन बसलेला हा सारथी ऐन युद्धात त्याला हंस आणि कावळ्याची गोष्ट ऐकवून खिजवीत राहिला. लगाम मित्राच्या हाती गेला की तो कृष्ण निघतो की शल्य, हे रथात बसतेवेळी कळत नाही. ते ओळखणारी बुद्धी अनेक बऱ्यावाईट सोबत्यांत घासून तयार होते, आणि स्वतःचे वाहन मुलाला नेमका हाच सराव संपण्याआधी सोबती निवडण्याचा अधिकार देऊन टाकते. मग तो आपल्यासारखेच निवडतो. तालुक्याच्या चौकात उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या नंबरपट्ट्यांवर जातीची आणि पुढाऱ्यांची नावे वाचली म्हणजे, एस. टी.च्या बाकाने मोडलेली वाडी दोन चाकांवर परत आलेली दिसते.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. वाहनाचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, गिअर नसलेल्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचा सोळाव्या. आणि 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने चालविलेल्या वाहनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना नाकारला जातो. मला या तरतुदीत दंडाच्या रकमेपेक्षा तिच्यामागील सिद्धान्त लक्षणीय वाटतो: हँडल कोणाच्याही हाती असो, कायद्याच्या नजरेत सारथी बापच आहे. नचिकेताने मागितलेला पहिला वर येथे आठवतो. मृत्यूचे रहस्य त्याने शेवटी विचारले. सर्वांत आधी त्याने मागितले ते एवढेच की, आपण परत जाऊ तेव्हा बापाचा राग निवळलेला असावा आणि त्याने आपल्याला ओळखून जवळ घ्यावे. इतक्या दूर गेलेल्या मुलालाही पहिली काळजी घरी कसे स्वागत होईल याचीच होती.

मुलींचा विषय मी शेवटाला ठेवला, कारण त्यांच्यासाठी हा प्रश्न अगदी उलट्या बाजूने येतो. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा पास मोफत असल्यामुळे ज्या शिकल्या, त्यांच्या बाबतीत गमनाची मुभा हेच स्वातंत्र्य होते. तेथे वेदान्त सांगणे हा निव्वळ उद्धटपणा ठरेल. बारावीनंतर पास संपला आणि त्याबरोबर शिक्षणही संपले, अशा मुली मी मोजणे सोडून दिले आहे. परंतु त्यांना घरून मोटारसायकल मिळत नाही, आणि याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, न निवडलेल्या सोबतीची ती जुनी शाळा आता जवळजवळ त्यांच्याच हाती राहिली आहे.

आमच्या गावी मुक्कामाची गाडी साडेसातला येते. पिंपळाखाली बॅटरी घेऊन उभे राहणारे बाप पूर्वी वीस-पंचवीस असत, त्यांत मीही एक होतो. परवा सहज जाऊन उभा राहिलो. सात मुले उतरली. सहा मुली होत्या, आणि एक मुलगा, ज्याच्या गाडीचे चाक पंक्चर झाले होते.