पोत्याचं वजन

‘अभ्यास केला नाहीस, तर हमाली करावी लागेल.’ मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. तोच मुलगा पुढे शिकतो, वातानुकूलित कचेरीत बसतो आणि कंटाळा आला की म्हणतो, ‘नुसती हमाली चाललीय!’ शेजारचा अंगचोरपणा करू लागला, की तो ‘पाट्या टाकतो’. गंमत अशी, की खरोखरीच्या पाट्या टाकणाऱ्याला अंगचोरपणा परवडत नाही. अर्धी भरलेली पाटी मुकादमाच्या नजरेतून सुटत नसते. कष्टाच्या कामांची नावं आपण एरवी टोमण्यासारखी वापरतो आणि १ मे उजाडला की त्याच कामांसमोर हात जोडतो. या दोन्हींत त्या कामाचा तपशील कुठेच नसतो.

तो तपशील बाजारात दिसतो. ट्रकवरून पोतं उतरवताना दोघं जण कोपऱ्यांना आकडे लावून ते कडेला ओढतात. खाली तिसरा कमरेत वाकून, पाठ फळीसारखी करून उभा असतो. पोतं नेमकं दोन्ही खांद्यांच्या मधे बसायला हवं. चार बोटं इकडेतिकडे झालं की मानेला हिसका बसलाच. मग तो चालत नाही, जवळजवळ पळतो. ओझं घेऊन थांबणं हे ओझं घेऊन चालण्यापेक्षा अवघड असतं, हे पुस्तकातून कळत नाही.

वर्षानुवर्षं हे पोतं शंभर किलोचं असायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली. इकडे हमालांच्या संघटनांनी पोतं पन्नास किलोंचं करा, ही मागणी लावून धरली. श्रमप्रतिष्ठेवर आजवर किती व्याख्यानं झाली कोण जाणे. पाठीला कळली ती ही किलोंची भाषा.

हमालाची दुसरी अडचण अशी, की त्याचा मालक कोण हेच ठरत नसे. सकाळी एका आडत्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. मालकच नक्की नसेल, तर फंड आणि भरपगारी रजा मागायची कुणाकडे? १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने यावर मोठी हुशार तोड काढली. व्यापाऱ्याचीही नोंदणी, हमालाचीही नोंदणी आणि मधे एक मंडळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने त्यातून मजुरी द्यायची आणि फंड, ग्रॅच्युइटी, बोनस यांचा हिशेब ठेवायचा. त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटलांसारख्या माथाडी नेत्यांचा लढा होता. दिवाळीत दारोदार हात पुढे करून मागायची, ती पोस्त. मंडळाच्या हिशेबातून येतो, तो बोनस. रक्कम एकवेळ सारखीही निघेल. पण पहिलीसाठी हसून उभं राहावं लागतं, दुसऱ्यासाठी सही पुरते.

पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केलं. ओझी वाहणाऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण, एवढाच साधा हिशेब. प्रतिष्ठेची सुरुवात बऱ्याचदा अशी गरम भाकरीपासून होते.

पण सगळ्याच कामांचा हिशेब इतका सरळ नाही. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी एक विचित्र मागणी केली: मला भंगीकाम करू द्या. ते उच्चवर्णीय, म्हणून परवानगी नाकारली गेली. त्यांनी उपोषण आरंभलं, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडलं. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणणारा हा माणूस मैला उचलायच्या हक्कासाठी उपाशी राहत होता! इंग्रजांच्या तुरुंगातही झाडू जातीनेच वाटला जात होता, हे त्या उपोषणाने उघडं पडलं.

इथे एक आडवा प्रश्न येतो आणि तो टाळता येत नाही. अप्पासाहेब ते काम कोणत्याही सकाळी सोडू शकत होते. जन्माने ज्याच्या हाती झाडू आला, त्याचं काय? घाण काढण्याला उदात्त ठरवून त्याच माणसांना त्याच कामात ठेवण्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली होती. ती टीका आजही बिनतोड आहे. अप्पासाहेबांचं मोठेपण उपोषणापेक्षा त्यानंतरच्या कामात अधिक दिसतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाच्या संडासांचे प्रयोग केले. मैल्याचं खत व्हावं आणि तो माणसाला हाताने उचलावाच लागू नये, हा त्यामागचा हेतू. (मराठीने या खताला ‘सोनखत’ म्हटलं, ते उचलणाऱ्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे सांगायला नको.) काही कामांना प्रतिष्ठा द्यायची नसते, ती बंद करायची असतात. तसे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरीही गटारात माणसं मरत राहिली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली.

कचरावेचक बायांनी आपल्या कामाची प्रतिष्ठा स्वतःच ठरवली. त्यांच्या पुण्यातल्या संघटनेचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’, स्थापना १९९३. नावात ध्येयवाद नाही, रोजच्या मालाची यादी आहे. पोतं घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोर, असा संशय घेतला जायचा. त्यावर त्यांना महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र हवं होतं, आणि ते त्यांनी मिळवलं. २००८ साली त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला आणि कुंडीत वाकणारी बाई दारावरची बेल वाजवू लागली.

कचरा वेगळा करताना त्यांच्या हाती उघडे सॅनिटरी पॅड येत. त्यांनी लोकांना सांगितलं, पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. नीट गुंडाळून देण्याचं बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांतही आलं. तरी कितीतरी सुशिक्षित सोसायट्यांत हा ठिपका अजून उमटलेला नाही. बाईला ‘मावशी’ म्हणायला कुणाची हरकत नसते. कागदाचा एक तुकडा तेवढा जड जातो.

आता दिवाळीची साफसफाई निघेल. माळ्यावरचे फुटके दिवे, तडकलेले काचेचे पेले, जुने बल्ब खाली येतील. ते पिशवीत तसेच कोंबू नका. जाड कागदात गुंडाळा, सुतळीने बांधा, वर ठळक अक्षरात ‘काच’ लिहा. आणि सकाळी बेल वाजली की पुडकं हातात देताना सांगा, ‘मावशी, जपून, यात काच आहे.’